आमच्या ताईच्या प्रबंधाला यायचं हं!

शिवानीच्या प्रबंधातला ऋणनिर्देश साडेसहा ओळींचा होता. तिच्या वडिलांनी, गुंडप्पांनी, तो जळकोटच्या आपल्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसून दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"अप्पाचं नाव एका ओळीत? आन् तेबी तुझ्या अव्वासंगं जोडून?"

"अप्पा, तो नुसता आभाराचा कागद हाय. प्रबंध त्याच्या मागं हाय."

"मागलं मागं ऱ्हाऊ दे. म्होरं काय हाय ते लोक बघतेत."

मागे बावन्न पाने होती. शिवानी लातूरच्या एका कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिचा विषय होता 'जळकोट तालुक्यातील सार्वजनिक वाचनालये व त्यांचे वाचक'. त्यासाठी ती सहा महिने अकरा गावे फिरली. वाचनालयांची कुलपे पाहिली, नोंदवह्या उतरवून घेतल्या, ज्यांची नावे नोंदवहीत होती त्यांना शेतात जाऊन गाठले. तिच्या वर्गातल्या उरलेल्या अडतीस जणांनी एवढी वणवण केली नाही. त्यांनी एका झेरॉक्स दुकानातून तयार प्रबंध आणले आणि मुखपृष्ठावर आपापले नाव घातले. त्यांतल्या पाच जणांच्या 'आमच्या गावात' खोल समुद्रातली मासेमारी हा मुख्य व्यवसाय होता. मार्गदर्शक प्रा. दयानंद सरांनी सर्वांना 'हा प्रबंध मी ओळ न् ओळ तपासला आहे' असे प्रमाणपत्र फेब्रुवारीतच सही-शिक्क्यासह देऊन टाकले होते. शिवानीचा प्रबंध मार्चमध्ये लिहून झाला.

घरचा करार साधा होता. पहिला वर्ग मिळाला तर पुढे ग्रंथालयशास्त्र शिकायला नांदेडला जायचे. नाही मिळाला तर लग्न; सोलापूरच्या पाहुण्यांचे दोनदा फोन येऊन गेले होते. पहिला वर्ग या प्रबंधाच्या शंभर गुणांवर अडला होता. कॉलेजच्या अटी दोन: सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत पक्क्या बांधणीच्या तीन प्रती, आणि पाने साठच्या वर नकोत. एकसष्टावे पान दिसले तर प्रत परत.

अडचण अशी की गुंडप्पांच्या घराण्यात माणसांची नावे छापली जातात असा एकच कागद सर्वांना ठाऊक होता, लग्नपत्रिका. तिचे नियम कडक असतात. तीन वर्षांपूर्वी एका पत्रिकेत जावयाचे नाव दोन ओळी खाली आले, म्हणून गुंडप्पांची चाकूरची बहीण नागुबाई पुढच्या दोन दिवाळ्यांना माहेरी आली नव्हती. तेव्हा खबरदारी म्हणून गुंडप्पांनी तिला आधीच फोन लावला.

"नागू, पोरीच्या पुस्तकात तुझं नाव टाकून राहिलो."

"टाक की. कुठं टाकून राहिलास?"

"आभारात."

"आभारात कितवं?"

गुंडप्पांनी 'हॅलो, हॅलो' सुरू केले. नागुबाईला तेवढे पुरले.

"हे बघ दादा, तुझी पोरगी चार दिवस माझ्याकडं ऱ्हाऊन जेवून गेली. माझ्या मालकाचं नाव वर पायजे, फोटोसगट. आन् बिलोलीवाल्याच्या खाली न्हाई चालायचं, सांगून ठेवते."

बिलोलीवाला म्हणजे शिवानीचा मामा, राजशेखर. त्याला ही बातमी अर्ध्या तासात कशी कळली, हे शेवटपर्यंत कळले नाही.

"दाजी, भाचीचं कार्य हाय. मामाची ओळ येगळी लागते, हे तुमाला मी सांगावं?"

"कार्य न्हाई वो, प्रबंध हाय."

"काय बी असू द्या. मामा एकच हाय ना? मी फोटो धाडतो. गॉगलवाला घ्या, त्यात बरा दिसतो."

रविवार सकाळपर्यंत नावे एकशे सदतीस झाली. त्यांतल्या एकशे तीस जणांनी गावातले वाचनालय बाहेरूनही पाहिले नव्हते. शिवानीच्या आई शरणम्मा यांनी तेवढे एकदा विचारले, "ह्या लोकांनी काय केलंय वो पोरीसाठी?" गुंडप्पा म्हणाले, "काय केलं न्हाई म्हणूनच टाकायचं. केलेली माणसं रुसत न्हाईत."

छपाईला जळकोटातच टाकायचे, कारण गुंडप्पांचा विश्वास फक्त शिवमूर्तीवर होता. शिवमूर्ती तालुक्यातल्या लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापत असे. त्याच्या संगणकात मजकुराचा एकच साचा होता. सगळ्यांत वर 'श्री गुरुबसवलिंगाय नमः', मग आशीर्वाद, मग विनीत, मग समस्त मित्रमंडळ. त्याने ऋणनिर्देश त्यात ओतला. एका पानावर तीन-चार फोटो, फोटोभोवती महिरप. पाने भरली एकेचाळीस. शेवटच्या पानावर तळाशी दोन लहान मुलांचे फोटो होते आणि खाली लिहिले होते: 'आमच्या ताईच्या प्रबंधाला यायचं हं!'

"हे काय?" शिवानीने विचारले.

"चिल्यापिल्यांची ओळ. ती साच्यात असतीच. मी निस्तं लग्नाचं प्रबंध केलं."

"ही पोरं कुणाची हायेत?"

"म्हाईत न्हाई. मागल्या पत्रिकेतली हायेत. पर गोड हायेत."

बावन्न आणि एकेचाळीस त्र्याण्णव होतात. हा हिशेब शिवानीने वडिलांना दुकानात जाऊन सांगितला.

"मंग मागलं कमी कर," गुंडप्पा म्हणाले.

"अप्पा, मागलंच तर मी लिव्हलंय."

"म्हणूनच म्हणतो. तुझं तू काढलं तर कोण रुसणार हाय? नाव काढलं तर मला रस्त्यानं चालू देतील का लोक?"

शिवानी परत शिवमूर्तीकडे आली आणि तिने डोके थंड ठेवून मार्ग काढला. प्रती सहा करायच्या, सर्वांवर तेच काळे कव्हर, तीच सोनेरी अक्षरे. तीन कॉलेजसाठी, त्यांत तिचा साडेसहा ओळींचा ऋणनिर्देश आणि बावन्न पाने. तीन घरासाठी, म्हणजे एक जळकोट, एक चाकूर, एक बिलोली. त्यांत एकेचाळीस पाने नावांची.

"आन् म्होरं?" शिवमूर्तीने विचारले. "एवढ्याच पानांना पक्की बांधणी नीट बसत न्हाई."

"एकोणीस कोरी पानं घाला, खाली निस्ते आकडे टाकून. साठ होतेत."

"कोरी? कुणी उलटलं तर?"

"शिवमूर्तीकाका, आमच्यात कोण उलटतंय म्होरचं पान?"

शिवमूर्तीने दयानंद सरांचे प्रमाणपत्र मात्र सहाही प्रतींत घातले. शिक्क्याशिवाय वस्तू खरी वाटत नाही, असे त्याचे मत होते. कॉलेजच्या तीन प्रतींना त्याने लाल दोरी बांधली. शिवानी त्याच दुपारी लातूरला गेली, कारण कॉलेजच्या ग्रंथालयाचा 'पुस्तक बाकी नाही' असा दाखला सोमवारी सकाळी रांगेत उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. लाल दोरीच्या प्रती घेऊन गुंडप्पांनी यायचे ठरले.

सोमवारी दुपारी सव्वातीनला गुंडप्पांनी प्रती कॉलेजच्या खिडकीवर दिल्या. कारकुनाने शेवटच्या पानाचा आकडा बघितला, साठ, आणि पोच दिली. शिवानी अजून ग्रंथालयाच्या रांगेतच होती. तिला फोन आला, "दिल्या बग. काळजी करू नको. अप्पा हाय ना." त्या 'अप्पा हाय ना'मध्ये नेहमीपेक्षा अभिमान जास्त होता, पण तिकडे तिने लक्ष दिले नाही.

तोंडी परीक्षा गुरुवारी होती. बाहेरचे परीक्षक प्रा. अमरनाथ नांदेडहून आले होते. त्यांना एकोणचाळीस प्रबंध तपासून साडेचारची गाडी गाठायची होती. शिवानीचा क्रमांक बाविसावा. ती खुर्चीवर बसली, परीक्षकांनी काळे कव्हर उघडले, आणि पहिल्या पानावरून गुंडप्पांनी फेट्यासह तिच्याकडे पाहिले.

एकेचाळीस पाने पुढे काय आहे, हे त्या खोलीत फक्त तिला ठाऊक होते. ते तिनेच घालायला सांगितले होते.

"सर, ही प्रत जरा—"

"मध्ये बोलू नका," दयानंद सर म्हणाले. "सर वाचतायत."

प्रा. अमरनाथ खरोखरच वाचत होते. सकाळपासून एकवीस प्रबंध त्यांनी वजनावर निकाली काढले होते, पण इथे त्यांचे बोट ओळीवरून सरकत होते. चौथ्या पानावर ते थांबले.

"हे चाकूरचे, म्हणजे आडतवाले का?"

"हो सर. आत्याचे मालक."

"अहो, हे आमच्या साडूचे व्याही! दयानंद सर, बघा, जग केवढंसं आहे. आणि हे गॉगलवाले?"

"मामा. बिलोलीचे."

"असं असं. मोठा गोतावळा आहे. हल्लीची मुलं कुणाची आठवण ठेवत नाहीत. हिनं बघा, कुणाला सोडलं नाही."

बारा मिनिटे गेली. इतर कुणाला चार मिनिटांपेक्षा जास्त मिळाली नव्हती. परीक्षक अडतिसाव्या पानावर आले. एकोणचाळीस. शिवानी पुन्हा म्हणाली, "सर, पुढं काही पानं—" एवढ्यात त्यांना शेवटची ओळ दिसली आणि ते मोठ्याने हसले. "यायचं हं! वा. आलो की." मग त्यांनी उरलेल्या पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकोणीस पांढरी पाने फर्रकन गेली.

"काम स्वच्छ आहे," ते म्हणाले. "आता एक औपचारिक प्रश्न. निष्कर्ष काय निघाला?"

शिवानीने सांगितले, "सर, लोक पुस्तक उघडत नाहीत. बाहेरून बघतात, शिक्का मारतात आणि परत ठेवतात."

"छान. फार छान." प्रा. अमरनाथांनी प्रबंध मिटला, दयानंद सरांनी त्यावर 'तपासले' असा शिक्का मारला आणि तो ढिगावर ठेवला.

शिवानीला एक्क्याण्णव गुण पडले. नऊ गेले ते ऋणनिर्देशात प्राचार्यांचा फोटो बिलोलीच्या मामापेक्षा लहान आला म्हणून.

शनिवारी ती घरी आली तेव्हा पेढे वाटून झाले होते. नांदेड नक्की झाले होते. सोलापूरच्या पाहुण्यांना गुंडप्पांनी स्वतः फोन करून नाही सांगितले होते. तरी शिवानी पिशवी खाली न ठेवता विचारती झाली, "अप्पा, लाल दोरीच्या प्रती कुठं हायेत?"

गुंडप्पांचा चेहरा उजळला. "ते इचारूच नको. शिवमूर्तीनं केवढा घोळ करून ठेवला होता! दोरी सोडून बघतो तर कुणाचंच नाव न्हाई, निस्तं बारीक बारीक लिव्हलेलं. म्हटलं, हे जर मास्तरच्या हाती गेलं आसतं तर पोरगी नापास झाली आसती. मंग चांगल्या होत्या त्या नेल्या. तुला सांगितलं न्हाई, उगी घाबरशील म्हणून."

"आन् त्या?"

"कव्हरं काढली. कागद जाड हाय, पुड्या लई झ्याक होऊन राहिल्या."

शिवानी गल्ल्यामागे गेली. तिथे तिचे सहा महिने एका खोक्यात पडले होते. दोन प्रती शाबूत होत्या. तिसरीचे पहिले प्रकरण जिऱ्याला गेले होते, दुसरे मोहरीला. तिसरे, म्हणजे सर्वेक्षणाचे, शेंगदाण्याला चालू होते. ती खोक्याशेजारी बसली आणि पाने लावू लागली. रडावे की एक्क्याण्णव गुणांचा आनंद मानावा, याचा निर्णय होईना.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर जवळच्या खेड्यातले हणमंतराव आले. वय सत्तरीचे, दर आठवड्याचे गिऱ्हाईक. त्यांच्या हातात एक उलगडलेली, तेलकट झालेली पुडी होती.

"गुंडप्पा, ह्याच्या म्होरचं पान द्या."

"कशाच्या म्होरचं?"

"ह्याच्या. आमच्या गावच्या वाचनालयाचं हाय." त्यांनी पुडी डोळ्यांपासून लांब धरली आणि अडखळत, मोठ्याने वाचले, "'कपाटाची किल्ली चार वर्षांपूर्वी हरवली आहे. नोंदवहीत मात्र या काळात सातशे बारा पुस्तके वाचायला दिल्याची नोंद आहे.' खरं हाय. किल्ली हिरीत पडली, मी बघितलंय. आन् हे ऐका. 'सर्वाधिक वाचन हणमंतराव यांच्या नावावर असून त्यांनी एकतीस पुस्तके वाचल्याचे दिसते. पुस्तकांची यादी पुढील पानावर.'"

"मंग?"

"मंग काय? पुढलं पान बस धरायच्या नादात इथंच ऱ्हायलं आसंल. एकतीस पुस्तकं वाचली मी. कोणकोणती वाचली, मला कळाया नको?"

शिवानी उठली. तिने शाबूत प्रतींतली एक उचलली, एकोणतिसावे पान काढून त्यांच्यापुढे धरले आणि मग, काय वाटले कोण जाणे, अख्खी प्रतच त्यांच्या हातात दिली. हणमंतराव साखरेच्या पोत्यावर बसले. त्यांनी यादीवर बोट ठेवले, ते सावकाश खाली नेले, मग पान उलटले. तेही वाचून पुढचे उलटले.

गुंडप्पांनी तराजू हातात घेतला. "रावसाहेब, शेंगदाणे किती करू?"

"थांबा वो जरा," हणमंतराव मान वर न करता म्हणाले, "वाचून राहिलो."