हौदावरचा भोंगा

बी.एस्सी. झालेली आई पोराला बुडू देत नाही! असं मी साऱ्या गल्लीला ठणकावून सांगितलं होतं. यंदा, ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात, नागपूर असं तापलं, की कावळेसुद्धा नळाखाली रांग लावू लागले. ह्यांनी अंगणात दोन खाटांएवढा पोहण्याचा हौद बांधला आणि माझी झोप उडाली. आमचा मिनू चार वर्षांचा, पाणी दिसलं की रेडकासारखा धावणारा!

मग मी यंत्रच तयार केलं. कूलरमधला तरंगता गोळा, दोन तारा आणि विहिरीवरची मोटर. पाणी लाल रेषेखाली गेलं की मोटर सुरू. रेषेच्या वर चढलं, म्हणजे कोणीतरी आत पडलं, की मोटर बंद आणि घंटी सुरू! नकाशा फाटकावर चिकटवला: ‘कोणीही उतरवून घ्या. सुधारणा सुचवा.’ विद्या काय कुलुपात ठेवायची?

सुधारणा आल्याच. पहिली गल्लीतल्या भैयाजींची. त्यांचे ट्रक वाडी नाक्यावर उभे असतात.

“काय वहिनी, हे घंटी आहे का पैंजण? मी ट्रकचा भोंगा आणून देतो!”

दिला. पहिल्याच चाचणीत समोरच्यांच्या गाईचं दूध आटलं.

दुसरी सुधारणा शेजारच्या यमुताईंची. “भोंगा वाजला का इचारत नाही बसाचं वं. धावाचं अन् उडी माराची!” गल्लीनं माना डोलावल्या.

आणि एका भर दुपारी भोंगा वाजला!

मी खोलीत पाहिलं, तर मिनूची चटई रिकामी! धडपडत अंगणात पोचले, तोवर यमुताई नऊवारीसकट हौदात. मागून पलीकडच्या घरातले रुपराव मास्तर चष्म्यासकट. मग भैयाजी! ते उतरले आणि पाणी काठावरून अंगणात वाहू लागलं.

भोंगा काही थांबेना.

“लेकरू खालीच आहे अजून!” यमुताई किंचाळल्या. आणखी चौघे धपाधप आत.

“सापडला! पाय सापडला!” भैयाजींनी जोर लावून ओढलं.

“सोडा ना भैयाजी! माझा आहे तो!” मास्तर कळवळले.

तेवढ्यात कोपऱ्यातून एक ओळखीचं डोकं वर आलं. आमचे हे! गुपचूप येऊन हौदात बसलेले, भोंगा वाजताच पाण्याखाली दडलेले. भोंगा ह्यांच्याच वजनानं वाजला होता!

“ऑफिसात लई उकडून राहिलं होतं गं,” हे पुटपुटले.

आता कुठे आर्किमिडीज माझ्या डोक्यात उगवला. जितके वाचवणारे आत, तितकं पाणी वर, तितका भोंगा चालू! “बाहेर निघा सगळे!” मी ओरडले. पण त्या भोंग्यात ऐकतंय कोण? आणि मिनू कुठे होता?

मिनू मोरीच्या दारात, कोरडाठाक, आंब्याची कोय चोखत उभा! “आई, सगळे काहून आंघोळ करून राहिले?”

मी त्याला छातीशी इतकं घट्ट धरलं, की कोय माझ्या केसांत गेली. मग तार उपटली. भोंगा बंद झाला. तरी हौदातून कोणी हलेना!

“गार आहे वं पाणी,” यमुताई म्हणाल्या आणि हनुवटीपर्यंत खाली सरकल्या.

तेव्हापासून रोज दुपारी गल्ली टॉवेल घेऊन फाटकाशी उभी असते. “वहिनी, आज भोंगा केव्हा वाजवता?”

माझं यंत्र फसलं असं मात्र म्हणू नका हं! मिनू अगदी सुरक्षित आहे. हौदात शिरायला बिचाऱ्याला जागाच मिळत नाही!