राणी, सहा, चार

मर्विन स्पार्गो यांनी आयुष्यात एकही गोष्ट चुकीच्या पद्धतीने केली नव्हती, आणि हल्ली तीन पत्त्यांच्या टेबलावर ते हरत होते तेही बिनचूक. कूरंबा नगरपालिकेत त्यांची एकतीस वर्षं वजनं-मापं तपासण्यात गेली होती. खाटकाचा काटा दोन ग्रॅम इकडेतिकडे झाला तर त्यांना जेवण जात नसे. निवृत्तीनंतर दर बुधवारी ज्येष्ठांची बस त्यांना आणि ग्वेंडाला कॅसिनोत नेई. तिथे सवलतीत भाजलेलं मटण, सोबत पुदिन्याची चटणी, आणि मग बस परत निघेपर्यंत दोन तास स्वेच्छेने खेळणं असा कार्यक्रम असे.

खेळ सोपा होता. आधी पैसे लावायचे, मग तीन पत्ते हातात येतात. ते बरे असले तर तेवढेच पैसे पुन्हा लावून वाटणाऱ्याच्या पत्त्यांशी भिडायचं, नाहीतर पत्ते टाकून पहिल्या पैशांवर पाणी सोडायचं. बरे म्हणजे नेमके किती बरे, याचं उत्तर मर्विन यांनी लॅमिनेट करून खिशात ठेवलं होतं: राणी-सहा-चार. तेवढं किंवा त्याहून वरचं आलं तर भिडा. राणी-सहा-तीन आलं तर टाका, राणी कितीही देखणी असली तरी. एवढं पाळलं की पहिल्यांदा लावलेल्या शंभर डॉलरमागे माणूस सरासरी तीन डॉलर सदतीस सेंटच हरतो. मर्विन साधारण याच दराने हरत आणि त्यांना शांत झोप लागे.

ग्वेंडा गुलाम दिसला की भिडे. गुलामाचा चेहरा तिला मॉरीनच्या, म्हणजे आपल्या बहिणीच्या, पहिल्या नवऱ्यासारखा वाटे, आणि तो माणूस तिला आवडायचा. या पद्धतीने तीन महिन्यांत तिने कॅरव्हॅनला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या त्यांच्या फिरत्या घराला, चार नवे टायर घेतले. मॉरीन दूर पश्चिमेला ब्रूमला राहायची. तिची नजर जात चालली होती, आणि ती पुरती जायच्या आत ग्वेंडाला तिच्यासमोर उभं राहायचं होतं. जूनमध्ये निघायचं ठरलं होतं. गाडी मर्विन चालवणार होते, कारण कॅरव्हॅन ओढणारी गाडी ग्वेंडाला चालवता येत नाही असं त्यांचं मत होतं.

मे महिन्यात 'माहितीपूर्ण खेळाडू धोरण' लागू झालं. जबाबदार खेळ अधिकारी टॅम्झिन डकेट यांनी नवरा-बायकोला कचेरीत बोलावलं, चहा दिला आणि कॅमेऱ्याच्या नोंदी वाचून दाखवल्या. ग्वेंडाने एकूण दोनशे बारा वेळा अयोग्य निर्णय घेतला होता.

"पण मी जिंकतेय ना गं," ग्वेंडा म्हणाली.

"तीच तर काळजी आहे, स्पार्गोबाई. आपण का जिंकतो हे तुम्हाला ठाऊक नाही. तुमच्या मिस्टरांना आपण का हरतो हे पक्कं ठाऊक आहे."

मर्विन यांनी खिशातलं कार्ड नकळत चाचपलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं त्यांच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं.

ग्वेंडापुढे एक अर्ज ठेवण्यात आला. त्यातलं सातवं कलम असं होतं: 'गुलाम हा माझा नातेवाईक नाही, याची मला जाणीव आहे.' ग्वेंडाने ते दोनदा वाचलं आणि सही करायला नकार दिला. त्यावर तिच्याच सुरक्षिततेसाठी तिला सहा महिने प्रवेशबंदी करण्यात आली. मर्विन यांची 'आदर्श खेळाडू' म्हणून सप्टेंबरअखेरपर्यंत नेमणूक झाली. आठवड्यातून चार दिवस हजेरी, छातीवर बिल्ला, मटण फुकट, आणि दाराशी त्यांचाच हसरा फोटो, खाली दोन शब्द: 'मर्विन जाणतो.'

घरी ग्वेंडाने फक्त एवढंच विचारलं, की अजिबात खेळलं नाही तर शंभरातले किती जातात, ते त्या कार्डावर आहे का. ते नव्हतं. मर्विन प्रामाणिक माणूस. त्यांनी लेखी विचारणा केली. आठव्या दिवशी उत्तर आलं: 'न खेळणे ही खेळण्याची पद्धत नसून ती अनुपस्थिती आहे. अनुपस्थित व्यक्तीला जबाबदारीने खेळता येत नाही. सबब मुदतीपूर्वी खेळणे थांबवल्यास आपली गणना बेजबाबदार खेळाडूंत करावी लागेल.'

मर्विन यांनी ते पत्र बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडखळला, पण पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

"अगं, मी नेमणुकीवर सही केलीय," ते म्हणाले. "ऑक्टोबरात जाऊ."

"ऑक्टोबरात तिला मी दिसणार आहे का, मर्व्ह?" ग्वेंडाने विचारलं. यावर कार्डात काही नव्हतं.

जूनच्या पहिल्या मंगळवारी तिने गाडीला कॅरव्हॅन जोडली. मागे घेताना शेजाऱ्यांची टपालाची पेटी आडवी झाली. पुढे ब्रूमपर्यंत तिने काही पाडल्याचं कानावर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मर्विन एकटेच बसमध्ये चढले, जेवले आणि टेबलावर बसले. तीन पत्ते आले. राणी, सहा, तीन. त्यांनी राणीकडे बराच वेळ पाहिलं. पत्ते वाटणारी मुलगी थांबली, मागची माणसं घड्याळ बघू लागली. भिडावं, एकदाच भिडावं, असं त्यांना मनापासून वाटलं. मग त्यांनी पत्ते टाकले.

"अगदी योग्य निर्णय, सर," मुलगी म्हणाली.

दाराजवळच्या त्यांच्या फोटोखाली बारीक अक्षरांत एक तळटीप आहे. राणी-सहा-चार हा नियम ज्याच्या वाचनात आला तो माहितीपूर्ण खेळाडू समजला जाईल, आणि यापुढे त्याचं जे काही जाईल त्याला व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही, असं तिच्यात म्हटलं आहे. तुमच्या वाचनात तो आत्ताच आला. बस बुधवारी सव्वाअकराला निघते.