ड्रॅगनचं डोकं कुलपात

२००९ सालची गोष्ट. तैवानमधल्या ताइनान शहरात देवांची वस्त्रं भरणारी दुकानं पुष्कळ, पण आमच्यासारखा ड्रॅगन कुणाकडे नव्हता! भरतकामाचं यंत्र संगणकावर चालायचं आणि नक्ष्या सगळ्या त्याच्या डिस्कमध्ये. समोरच्या दुकानदाराने आमची फिनिक्स पक्ष्याची नक्षी चोरली, तेव्हा आमच्या जावयाने डिस्कच कुलूपबंद केली. संगणक सुरू होतानाच काळा पडदा पासवर्ड मागायचा.

"आई, आता साक्षात देवी आली तरी उघडणार नाही!" जावईबापू योंग-छी छाती फुगवून म्हणाले.

काळ्या पडद्याला चिनी येत नाही. म्हणून आमची माणसं मनात एखादं वाक्य म्हणतात आणि ते चिनीत टंकताना ज्या कळा दाबतात, त्याच दाबत जातात. त्यातून जी इंग्रजी अक्षरं पडतील, तोच पासवर्ड. आमच्या ह्यांनी, म्हणजे किम-सुईंनी, सगळ्यांना बाहेर घालवून तो ठरवला. पुढे कित्येक महिने संगणक बंदच केला नाही.

देवीचा वाढदिवस तोंडावर आला. वस्त्रावर ड्रॅगनचं शेपूट झालं, पाय झाले, पोट झालं, डोकं तेवढं राहिलं आणि वीज गेली! परत आली तेव्हा काळा पडदा पासवर्ड मागत होता, आणि हे स्कूटरवरून पडून उजवा हात प्लॅस्टरमध्ये घेऊन बसलेले.

"बाबा, तुम्ही नुसतं सांगा, मी टंकतो. पाच मिनिटांचं काम!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू जरा चहा ठेव."

"आत्ताच झाला की."

"मग परत ठेव!"

मी चहा घेऊन आले, तर हे जावयाच्या कानात कुजबुजतायत आणि तो टंकतोय. पडदा असा आतल्या गाठीचा, की अक्षर सोडा, टिंबसुद्धा उमटत नव्हतं. शेवटी एकच उत्तर: चूक! कळफलक बदलला. चूक! मग जावईबापूंनी पेनड्राइव्ह लावून संगणक कसाबसा उठवला, डिस्क तपासली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या डॉक्टरसारखा चेहरा केला.

"कुलूप शाबूत, डिस्क शाबूत. बाबा, तुम्ही पासवर्ड विसरलात."

"मी? बावळटा, ते विसरण्यासारखं आहे का?"

तेवढ्यात देवळाच्या समितीचे अध्यक्ष लान वस्त्र पाहायला आले.

"डोकं कुठाय?"

"कुलपात," मी म्हटलं.

"देवीच्या अंगावर मुंडकं उडवलेला ड्रॅगन? किम-सुई, वस्त्र वेळेवर झालं नाही तर देवळाचं काम या दुकानाला पुन्हा नाही!"

ह्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं काम! हे पांढरेफटक पडले. अध्यक्षांनी खिशातले कौलाचे दोन लाकडी तुकडे काढले, "डिस्क उघडेल का?" असं विचारून फेकले. दोन्हींची सपाट बाजू वर. म्हणजे देवी हसली!

"म्हणजे हो की नाही?" जावयाने विचारलं.

"म्हणजे ती तुला हसतेय! किम-सुई, काय ते मोठ्याने सांगा. मी टंकतो!"

हे उकडलेल्या कोळंबीसारखे लाल झाले. "'बायकोला घाबरतो तोच खरा मर्द!'"

म्हण आमच्याकडे जुनी, पण लोक ती दुसऱ्याच्या नावाने म्हणतात! दार उघडं होतं. सगळी गल्ली आत आली. अध्यक्षांनी टंकून पाहिलं, शेजाऱ्यांनी पाहिलं. चूक, चूक, चूक!

ह्यांची प्लॅस्टरबाहेरची बोटं मात्र मांडीवर भलतीकडेच नाचत होती. मला एकदम आठवलं, तरुणपणी हे वर्तमानपत्रात टंकायला होते.

"अहो, तुम्ही उच्चार फोडून टंकता की अक्षराचा आकार फोडून?"

"आकार फोडून. माणसं आणखी कशी टंकतात?"

जावईबापूंनी कपाळावर हात मारला. आमचं अक्षर दोन्ही तऱ्हांनी टंकता येतं, आणि बाकी सगळे उच्चाराने टंकत होते. वाक्य तेच, पण कळा सगळ्या वेगळ्या! "बाबा, आकाराने टंकणारं आता कुणी उरलंय का?"

उरलं होतं, पण प्लॅस्टरमध्ये! कळा त्या बोटांनाच पाठ, म्हणून मी तो हात क्रेनसारखा उचलून कळफलकावर धरला.

"आई गं! हळू!"

"गप्प बसा. मर्द ना तुम्ही?"

कुलूप उघडलं. यंत्र खडखडलं. ड्रॅगनला वेळेवर डोकं आलं.

लान अध्यक्ष पुढेही निवडून येत राहिले आणि दर भाषणात ही गोष्ट सांगत राहिले. जावईबापू सिंचू शहरात मोठ्या कंपनीत डिस्कना कुलपं लावतात. म्हाताऱ्यांना आधी 'उच्चार की आकार' विचारतात. समोरचा दुकानदार आता चहा विकतो. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. ती नुसती म्हण होती, असं शेवटपर्यंत सांगत होते. आणि मी? मी त्यांच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नाही हो! पण बाजारातली मासेवाली अजून माझ्या पिशवीत एक मासा जास्त टाकते. मीही घेते. उगाच तिला घाबरवायचं कशाला!