वेंकूमामांचा बेडूक

वेंकूमामा रोज सांजेला आमच्या उंबऱ्यात बसून माझ्या आठ महिन्यांच्या बाळाला आपलं तोंड दाखवायचे. आधी पुढून, मग बाजूनं. एकदा चष्मा घालून, एकदा काढून. बाळ हसो की रडो. "बघून ठेव रे राजा. पन्नास वर्षांनी मी उठेन, तेव्हा मला ओळखणारा तूच!"

स्टेशनाजवळच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर कारकुनी केली. तिथं म्हणे एकदा लादीत बेडूक निघाला, दगडासारखा कडक. लादी विरघळली आणि बेडूक उडी मारून गटारात गेला. तेव्हापासून एकच ध्यास, मेल्यावर मला जाळू नका, लादीत ठेवा, मरणावर औषध निघालं की काढा.

"मामा, माणूस काय बेडूक आहे?" मी म्हणायची.

"बेडूक उडाला की नाही?" झालं, बोलणं संपलं.

दक्षिणेतली ही आमची मराठ्यांची गल्ली सगळी हसायची. मी मात्र भ्यायची, मला काय, मांजर आडवं गेलं तरी छातीत धडधडतं. शंका तशा मामांनाही होत्या. कॉफीचा घोट घेता घेता म्हणायचे, "करंट गेला तर गं? आणि उठल्यावर असली कॉफी देणार कोण? तू तर तेव्हा बोळकी म्हातारी."

एका दुपारी कागदच घेऊन आले. कारखान्याचा मालक हसत हसत हो म्हणाला होता, पण घरच्या कुणाची तरी सही आण म्हणाला, नंतर भांडण नको. घरचं त्यांना कोण? मामी कधीच गेली, मूल नाही, मी ती लांबची भाची.

"तिसरी पास झालीस ना? कर सही."

यांना विचारते म्हटलं, तर हे दारासुरमला, रेशमाच्या दुकानात. मग मी रडायलाच लागले, मामा, जळल्याशिवाय जीव सुटत नाही म्हणतात, तुम्ही असेच लटकत राहणार, तेही गारठ्यात, तुम्हाला तर मार्गशीर्षात दोन दोन शाली लागतात!

आणि बघते तर त्यांच्या स्वतःच्या सहीची जागाही कोरीच.

"बेडूक उडाला की..." म्हणाले आणि थांबले. बाळाकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "आगीला मुलगा लागतो, पोरी. बर्फाला कोणी लागत नाही."

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हे देतील अग्नी! यांचे वडील नाहीत, यांना चालतं, मी सांगते यांना." नवऱ्याला न विचारता केवढं बोलून बसले!

मामा त्या कागदाची घडी करून बराच वेळ बाळाला वारा घालत बसले. जाताना म्हणाले, "तोंड दाखवायला मात्र येणार हं."

आले, रोज आले. पोंगल झाल्यावर एका सकाळी उठलेच नाहीत. हे एका शब्दानं कुरकुरले नाहीत, दुकानातून तसेच आले, अंघोळ करून ओल्या धोतरानं मडकं धरून उभे राहिले.

तान्ह्याला मेलेल्या माणसाजवळ नेऊ नये म्हणतात. बायका अय्यो अय्यो करत राहिल्या. तरी उचलायच्या आधी मी बाळाला घेऊन गेले. आधी पुढून दाखवलं, मग बाजूनं.

बाळानं हात पुढं केला आणि त्यांच्या नाकावर चष्मा शोधायला लागलं.