पुढच्यात येतंय

हिरामण फोटोवाल्याचा गुडघा दुखतो. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणतो, "थांबा काका, पुढच्यात येतंय." नळाला पाणी नाही, पुढच्यात येतंय. चहावाला साखर विसरला, तरी हेच. पुढच्यात म्हणजे पुढच्या कॅमेऱ्यात. जगात जे जे कमी पडतं ते सगळं कंपनीवाले पुढच्या डिजिटल कॅमेऱ्यात घालून पाठवणार आहेत, अशी त्याची खात्री आहे. म्हणून हातातला कॅमेरा तो कधी बदलत नाही. आज नवा घेतला आणि उद्या पुढचा आला तर? सध्याच्या कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण त्याने रबरबँडने बांधून ठेवलंय.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे. पंचेचाळिशी उलटली, लग्न केलं नाही. स्टुडिओतल्या पडद्यावर काश्मीरचा तलाव आहे आणि पडद्याच्या मागे हिरामणचा स्टोव्ह, गादी आणि दोन पातेली. डाळीला फोडणी बसली की काश्मीरमधून लसणाचा वास येतो.

कॉम्प्युटरमध्ये त्याने कोट साठवलेत. आमच्या भागातल्या निम्म्या पोरांनी नोकरीच्या अर्जावर जो निळा कोट घातलाय, तो हाच. पोरगं बनियनवर येतं, साहेब होऊन जातं. कोटासारख्याच साड्या, टाय, टिकल्या. आणि डोळे. एका खान्यात नुसते डोळे.

मी कंपनीतून रिटायर झाल्यावर त्याच्या स्कूटरवर मागे बसून उल्हासनगरला जायचो. कॅम्प चारमध्ये लच्छूशेठचं कॅमेरा रिपेरिंगचं दुकान आहे. लग्नं नसली की तिथे पाच-सहा फोटोवाले जमायचे आणि न आलेल्या कॅमेऱ्यावर भांडायचे. एक म्हणायचा, पुढच्यात इतके मेगापिक्सल येणार की नवऱ्यामुलाच्या दाढीचे केस मोजता येतील. दुसरा म्हणायचा, काळोखात फ्लॅश लागणार नाही, लोडशेडिंगचं टेन्शन गेलं. खरा कॅमेरा कोणी बघितला नव्हता. लच्छूशेठच्या मेहुण्याने दुबईत त्याचा खोका बघितला होता, तोही बंद. पण त्या मेहुण्याला तिथे मान फार.

एकदा हिरामण म्हणाला, "तुमचं सगळं सोडा. पुढच्यात डोळे मिटलेला फोटो निघणारच नाही. बटण दाबलं तरी कॅमेरा ऐकणार नाही."

लच्छूशेठने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "साईं, आमच्या सिंधी लग्नात वरमाला रात्री तीनला. डोळे उघडे कुणाचे? भटजीचे पण नाय. तुझा अल्बम कोरा जाणार."

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. आणि गोष्ट माझ्याच घरातली होती.

माझी बायको सुमन. फ्लॅश पडायच्या आधी हिचे डोळे बंद. किती सांगा, एक दोन तीन म्हणा, न म्हणता काढा, उपयोग नाही. आमच्या रेखाच्या लग्नाचे फोटो हिरामणने काढले. मुलीला हळद लागतेय, आई झोपलेली. मुलगी सासरी निघालीय, आई झोपलेली. बदलापूरला रेखाच्या सासरच्या एका म्हातारीने अल्बम बघून विचारलं, विहीणबाईंना दिसत नाही का? हे हिरामणच्या कानावर गेलं. तेव्हापासून सुमन समोरून आली की हा रस्ता बदलायचा. तीच दारातून ओरडायची, "ये रे, चहा घे. आज उघडे ठेवते डोळे." तो कॅमेरा काढायचा, ही हसायची, आणि डोळे पुन्हा मिटलेले. त्याला ते फार लागलं होतं. त्याच्या मनातल्या कॅमेऱ्यात ते डोळे मिटल्यावर न चालणारं बटण तेव्हा बसलं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर सुमन गेली. ताप आला आणि गेली.

त्या रविवारी तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. फोटो पाहिजे. घरातले सगळे फोटो मी जमिनीवर मांडले. एकातही डोळे उघडे नाहीत. मतदान कार्डावर तर तिच्या जागी नुसता काळा डाग. लोक येणार, फुलं वाहणार आणि ही झोपलेली. मला माझीच लाज वाटली. रेखाच्या लग्नातला एक फोटो उचलला आणि हिरामणकडे गेलो.

त्याने फोटो हातात घेतला. कॉम्प्युटर लावला, सुमनचा चेहरा मोठा केला आणि डोळ्यांचा खाना उघडला. ओळीने डोळे. बायकांचे, पुरुषांचे, हसरे, रागीट. मंदिराजवळच्या फुलवालीचे होते, कुळगावच्या कुठल्या नगरसेविकेचे होते. एकेक जोडी सुमनच्या तोंडावर ठेवून तो विचारायचा, असे? की असे?

मी आधी हो म्हणायचो, मग नाही. नंतर तो हळूच म्हणाला, "काका, काकीचे डोळे नक्की कसे होते?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं एका खोलीत काढली. तिचा खोकला मी गर्दीत ओळखला असता. तिच्या हातच्या भाकरीचा पापुद्रा आठवतो. पायाची भेग आठवते. डोळे बारीक की मोठे, ते मला माहीत नव्हतं. मी कधी बघितलेच नव्हते नीट. ती बोलायची तेव्हा मी ताटात बघायचो.

हिरामणने स्क्रीन बंद केला. "घरी जा काका. मी करतो."

रविवारी फोटो आला. बौद्धाचार्य वंदना म्हणत होते आणि सुमन समोरून सगळ्यांकडे बघत होती. शेजारणी म्हणाल्या, अगदी जिवंत वाटतेय. रेखा बराच वेळ फोटोसमोर उभी राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, हे आईचे डोळे आहेत?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? पोरीला आईचे डोळे ठाऊक होते, नवऱ्याला नव्हते.

त्यानंतर हिरामण रोज संध्याकाळी माझ्याकडे यायला लागला. फोटो टांगलेल्या भिंतीसमोरच्या खुर्चीवरच बसायचा. कॅमेऱ्याचं अवाक्षर नाही. चहा प्यायचा, फोटोकडे बघायचा, जायचा. मला वाटलं, मी म्हातारा एकटा पडलो म्हणून येतो. मला राग यायचा. मी कोणाची दया घेतलेली नाही.

एक दिवस सरळ विचारलं. "हिरामण, डोळे कोणाचे लावलेस?"

त्याने कप खाली ठेवला. "आईचे."

"कोणाच्या?"

"माझ्या. तुम्हाला निवडता येईना. परक्या बाईचे कशाला लावायचे? माझी आई वाईट नजरेची नव्हती काका." मग म्हणाला, उद्या काढून मिटलेलेच ठेवतो, माफ करा.

मी म्हटलं, तुझ्या आईचा फोटो तुझ्याकडे असेलच, तो लाव की. त्याने सांगितलं की भावाने गावची जमीन विकून बंगला बांधला. रंग देताना आईचा फोटो उतरवला, तो पुन्हा लागला नाही. ह्याने तो आणून स्टुडिओत लावला.

"मग?"

"गिऱ्हाईक विचारतं, ही साईझ केवढ्याला." तो हसला. "चार जणांनी विचारलं, मग काढून ठेवला."

मी उठून त्याला अजून चहा ओतला. फोटो तसाच राहू दे म्हटलं. रेखाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. आता तर सुमन आठवली की मला तेच डोळे दिसतात. लिहितानासुद्धा मान खाली जाते.

परवा हिरामण लच्छूशेठकडून एक नवा कॅमेरा एका दिवसासाठी मागून घेऊन आला. तो पुढचा खरंच आला होता. बटण अडत नाही, पण डोळे मिटले की कॅमेरा स्वतः सांगतो, पुन्हा काढा. कॅम्प चारमधलं भांडण संपलं म्हणे. मला वाटलं हा नाचेल. त्याने नुसता तो भिंतीवरच्या फोटोसमोर धरला आणि बटण दाबलं. कॅमेरा काहीच बोलला नाही. डोळे उघडे होते, त्याचं काम झालं.

"ह्याला कळलं नाही कोणाचे ते," मी म्हटलं. "ते पुढच्यात येईल काय रे?"

हिरामणने कॅमेरा पिशवीत ठेवला. खुर्ची भिंतीकडे थोडी सरकवली आणि बसला.

"नको काका," तो म्हणाला. "पुढच्यात पण नको."