हिगुची-सानांची मेजवानी आणि आमची संकष्टी

"जपानमधल्या भारी हॉटेलात जेवून आल्यावर घरी पुन्हा जेवावं लागतं का?"

हा प्रश्न मी बाबांच्या साहेबांना, म्हणजे हिगुची-सानांना, तोंडावर विचारायचा, अशी स्कूलबसमधल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. "अन्वरी, तुझी हिंमतच होणार नाही!" काव्या म्हणाली. माझी? वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुणाला घाबरत नाही. प्रिन्सिपलनासुद्धा नाही! (पालीचं विचारू नका.)

बाबांच्या इथल्या, आखातातल्या ऑफिसातून एकाला सहा महिने ओसाकाला पाठवणार होते, तेही कुटुंबासकट. कुणाला, ते साहेबांनी अजून ठरवलं नव्हतं. मी मात्र अख्ख्या बसला सांगून टाकलं होतं की आम्हीच चाललोय! आता दुसरं कुणी गेलं असतं तर मला करामातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत चालत जावं लागलं असतं.

अशात साहेबांनी आम्हा तिघांना क्रीककाठच्या, म्हणजे खाडीकाठच्या, जपानी रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावलं. ही बातमी बाबांनी ऑफिसातून आल्यावर बूट काढता काढता दिली.

"आज? अहो, आज संकष्टी!" आई किचनमधून ओरडली.

बाबा एका पायात बूट तसाच ठेवून उभे राहिले. ओसाकाचं जमू दे म्हणूनच तर दोघांनी यंदा संकष्ट्या धरल्या होत्या!

"साहेबांना सांगून टाका ना, उपवास आहे म्हणून."

"अगं सुनेत्रा, त्यांनी आचाऱ्याला मुद्दाम शाकाहारी करायला लावलंय. आता नाही म्हटलं तर ओसाका गेलं."

"आणि चंद्र दिसायच्या आत खाल्लं तर?"

"तरी गेलंच की!"

मग दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. गिऱ्हाईक बघतं ना कलिंगडाकडे, तसं.

"बेटा, भूक कशी काय आहे?" बाबांनी लाडात विचारलं.

"डोन्ट वरी! मी आहे ना!" मी म्हणाले. किती गाढव असावं माणसानं!

हिगुची-सान फारच गोड माणूस. त्यांची एक सवय आमच्या पथ्यावर पडली. खाण्याबद्दल बोलायला लागले की त्यांचे डोळे आपोआप मिटायचे.

"क्योटोला नदीकाठी एक जागा आहे," ते डोळे मिटून म्हणाले, "तिथे पानगळीत जेवायला जायचं." तेवढ्यात आईची वाटी सरकत माझ्याकडे आली. आत तिळाची वडी होती, खरवसासारखी लुसलुशीत. गट्टम!

"कानाझावात एक म्हातारा आचारी आहे. एका मुळ्याचे सात पदार्थ करतो." बाबांची कमळकाकडी माझ्या पानात. गट्टम!

"आणि डोंगरावरच्या मठातलं जेवण... आहाहा!" भोपळा, मशरूम, दोन वाट्या सूप. गट्टम, गट्टम!

साहेबांनी डोळे उघडले. आईबाबांच्या वाट्या लख्ख! "प्रल्हाद-सान, आवडलं वाटतं!" असं बाबांना म्हणून त्यांनी खूश होऊन सगळं पुन्हा मागवलं.

दुसऱ्या फेरीनंतर माझ्या ड्रेसची चेन कुरकुरायला लागली. बाबा हळूच म्हणाले, "यल्ला, चल चल, थोडंच राहिलंय." आई खिडकीतून सारखी चंद्र शोधत होती. तो काही येईना. मला वाटलं, जरा वेगळा विषय काढावा. साहेब प्रश्नात गुंततील, मला श्वास घेता येईल आणि पैजही जिंकता येईल! मी खणखणीत आवाजात प्रश्न विचारून टाकला.

बाबांनी टेबलाखालून लाथ मारली. ती आईला लागली.

हिगुची-सानांचा चेहरा उतरला. "म्हणजे तू उपाशीच आहेस!" त्यांनी टाळी वाजवून वेट्रेसला बोलावलं. थोड्या वेळात माझ्यापुढे एक भलं मोठं मातीचं भांडं आलं. झाकण काढलं तर आत मशरूमचा भात! आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला पुरला असता.

"सगळा तुझा," साहेब म्हणाले.

"नको!" मी रडायलाच लागले. "यांचा दोघांचा उपवास आहे! चंद्र दिसल्याशिवाय हे खाणार नाहीत! सगळं मीच खाल्लंय! खलास झाले मी!"

मी मनातल्या मनात शाळेपर्यंत चालायला लागले.

"कुठला चंद्र?" साहेबांनी विचारलं.

"पौर्णिमेनंतरचा चौथा," आई चाचरत म्हणाली.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि ते उठलेच. "त्या सुमाराच्या चंद्राला आमच्याकडे नाव आहे. आडवं पडून वाट बघायचा चंद्र. इतक्या उशिरा येतो तो!" त्यांनी बाल्कनीचं दार सरकवलं. खाडीपलीकडे देराच्या इमारतींवर तांबूस चंद्र निवांत वर येत होता. आईनं चहाच्या पेल्यातून कुंडीत अर्घ्य दिलं, शेजारी हिगुची-सानांनीही कमरेत वाकून नमस्कार केला. मग आईबाबांनी त्या भाताचा असा फडशा पाडला की वेट्रेस झाकण हातात धरून बघतच राहिली.

"तुझा प्रश्न राहिला," साहेब माझ्या कानात म्हणाले. "खरं सांगू? मी घरी गेल्यावर नूडल्स खातो." पैज जिंकले!

मग ते बाबांकडे वळले. "ओसाकाला तुम्हीच जा. दिवसभर उपाशी राहून माझ्या खाण्याच्या गप्पा हसत ऐकणारा दुसरा माणूस मला ऑफिसात मिळणार नाही. आणि क्योटो, कानाझावा, मठ, सगळीकडे मी स्वतः फोन करीन. या मुलीला तिघांचं वाढा म्हणून सांगीन! फक्त मुली, तू पानात काही टाकू नकोस हं. आचारी फार मनाला लावून घेतात."

परत येताना बाबा गाडी चालवत शीळ घालत होते. मी मागच्या सीटवर आडवी पडले होते.

"काय गं, एवढी आनंदाची बातमी आणि तू गप्प?" आईनं मागे वळून विचारलं.

"आईबाबा, मी एक ठरवलंय," मी कशीबशी म्हणाले. "जपानमध्ये संकष्टी मी धरणार. महिन्यातून एकदा नाही, रोज!"