कुंभकोणमचे काका

आमचे शेजारी रामराव काका रोज सकाळी लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पुलावर उभे राहून नदीचा अपमान करायचे. "ही नदी? कुंभकोणमात येवढं पाणी आमच्या मोरीतून जातं गे." नदी बिचारी ऐकून घ्यायची. मीही घ्यायची, कारण मला एकटीला क्लिनिकला जायची भीती, कुणी इंग्लिशमध्ये काही विचारलं तर, आणि काका माझ्या लेकीच्या, पिंकीच्या प्रॅमबरोबर यायचे, फुकट, फक्त कुंभकोणम ऐकायचं.

त्यांचे पूर्वज म्हणे तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांमागोमाग तंजावरला गेले, तिथून कुंभकोणमला, म्हणून त्यांचं मराठी तसलं, 'सगळं' नाही म्हणायचे, 'अस्की'. तर जगातलं अस्की कुंभकोणमला सुरू झालं. प्रलय आला, अमृताचा कुंभ तरंगत तरंगत तिथंच थांबला नि फुटला, त्याचं हे गाव. मी आठवी नापास, मान डोलवायची. लंडन? "परवाचं गे."

कॉफीच्या दुधात पाणी म्हणजे त्यांना पाप. दूधवाल्याला रस्त्यात अडवून अर्धा तास हेच शिकवलं, तेव्हापासून तो आमच्या गल्लीत पळतच बाटल्या ठेवतो.

समोरची तमिळ बाई मला हसत म्हणाली, आमच्यात कुणी फसवलं की 'कुंभकोणम केलं' म्हणतात. मी मूर्खासारखं काकांना सांगितलं. ते तिच्याशी बोलेनात, आणि आठवडाभर माझ्याशीही.

ऑगस्टात त्यांचा आडीचा, म्हणजे तमिळ आडी महिन्यातला नदीचा सण. कावेरी भरून वाहते, म्हणजे ती पोटुशी, तिला डोहाळे लागतात, म्हणून तिकडे चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा असे भात घेऊन घाटावर जातात. काका ते अस्की स्वतः रांधून वॉटफर्डच्या नदीत सोडायचे. बदकं खायची. "बदकं गरोदर आहेत का?" आमचे हे विचारायचे.

त्या वर्षी मला आठवा महिना. पिंकीच्या वेळी मी मरता मरता वाचलेली, पण तेव्हा आई होती. आता वडील अंथरुणावर, आईला येता येईना. मला झोप नाही, मी हॉस्पिटलमधून परतलेच नाही तर पिंकीचं काय, यांना तर अंडंसुद्धा उकडता येत नाही. यांना सांगितलं नव्हतं. आडीच्या सकाळी पुलावर काकांना कसं कोण जाणे बोलून गेले.

काका डबा उघडून नदीकडे वळले होते. ते थांबले. बाकावर रुमाल पसरला.

"बस गे. खा."

"काका, नदीचं आहे ते."

"कावेरी कुठं आहे इथं? खा."

चिंचेचा भात खारट झालेला. मी रडत रडत खात होते, काका प्रॅम हलवत होते.

"माझी बायको पण आठव्यातच होती," ते म्हणाले. "मी इथं. आडीला येतो म्हटलेलं. बोटीचं जमलं नाही."

"मग?"

"बाळंतपणात गेली. मूल पण." ते पिंकीकडेच बघत होते. "मग कुणासाठी जायचं तिकडं."

त्यांनी दहीभात पुढे सरकवला.

"हा शेवटी खायचा. पोट थंड राहतं." आणि मग प्रॅमचा दांडा धरूनच म्हणाले, "पिंकी माझ्याकडं. तू जाऊन ये."